नववीची क्षेत्रभेट: आधी तेरणा, मग समुद्र. नियोजन कसं करावं?

प्रश्न: काळी_माती (औसा तालुका)

नमस्कार. आमच्या शाळेत नववीचे 42 विद्यार्थी आहेत. बाह्यप्रक्रियांच्या पाठांत नदी आणि सागरी लाटांचं कार्य शिकवून झालं. आता दोन टप्प्यांत क्षेत्रभेट घ्यायचा विचार आहे. पहिल्या टप्प्यात एक दिवस जवळच्या तेरणा नदीवर, दुसऱ्यात तीन दिवस कोकणात. मुलं नुसती फोटो काढून परत यायला नकोत, दोन्हीकडे त्यांनी काही तरी मोजावं आणि अहवालात ते आकडे यावेत, एवढीच इच्छा आहे. शंका अशा:

तेरणेला डिसेंबरात जेमतेम पाणी असतं, तर वेग आणि विसर्ग (सेकंदाला किती पाणी वाहून जातं ते) मोजता येईल का? साहित्य कोणतं लागेल? शाळेकडे एक 30 मीटरचा टेप आणि मीटरपट्ट्या आहेत. किनारा अलिबागचा घ्यावा की हरिहरेश्वरचा? भरती-ओहोटीचं वेळापत्रक कसं बसवायचं? सोबत तीन शिक्षक येतील.

उत्तर 1: पाणमोजणी

सर, डिसेंबर उशीर होतो. दोन कारणं. एक, प्रवाह आटतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: पावसाळा सरला की ऑक्टोबरात कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकतात. बर्गे बसले की वरच्या बाजूला पाणी थोपून राहतं. नदी भरलेली दिसते, पण ती वाहत नसते. अशा पाण्यात तरंगणारी वस्तू सोडली तर वारा नेईल तिकडे ती जाते, कधी कधी उलटी वरच्या अंगालाही. मग मुलांच्या वहीत प्रवाहाचा नाही, वाऱ्याचा वेग येतो. म्हणून सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरा, आणि जागा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाची घ्या.

जागा निवडताना 20 मीटर सरळ पात्र शोधा. वळणावर मोजू नका, तिथे बाहेरच्या काठाला पाणी जोरात असतं आणि आतल्या काठाला संथ. खोली मुलांच्या गुडघ्याच्या वर नको. निघायच्या आदल्या दिवशी पाटबंधारे शाखा कार्यालयात विचारून घ्या. तेरणेवरच्या माकणीच्या धरणातून पाणी सोडणार असतील, तर त्या दिवशी खालच्या पात्रात कुणालाही उतरवू नका.

आता मोजणी. काठापासून काठापर्यंत दोरी ताणून बांधा आणि तिच्यावर दर मीटरला रंगीत चिंधी बांधा. प्रत्येक चिंधीखाली मीटरपट्टी उभी धरून खोली घ्या. पट्टीची अरुंद कड प्रवाहाकडे ठेवायची. रुंद बाजू आडवी धरली की पाणी तिच्यावर चढतं आणि खोली दोन-तीन सेंटिमीटर जास्त भरते. पट्टी गाळात रुतू नये म्हणून तिच्या बुडाला डब्याचं चपटं झाकण बांधा.

समजा पात्र 6 मीटर रुंद आहे आणि खोल्या आल्या 0, 0.20, 0.35, 0.45, 0.30, 0.15, 0 मीटर. यांची बेरीज 1.45. मुलं इथे हमखास चुकतात. सात आकडे दिसले म्हणून सातने भागून सरासरी काढतात आणि रुंदीने गुणतात, मग क्षेत्रफळ 1.24 चौरस मीटर येतं. खरं तर दोन्ही काठांचे शून्य धरून सहा पट्टे होतात, म्हणून भागायचं सहाने. बरोबर उत्तर 1.45 चौरस मीटर.

वेगासाठी सालीसकट संत्रं घ्या. ते जवळजवळ पूर्ण पाण्यात बुडून तरंगतं, वाऱ्याला पकडायला काही उरत नाही. (सोललेलं संत्रं बुडतं, त्यामागे सालीतली हवा आहे, हे तिथेच दाखवता येईल.) थर्माकोल, सुकी पानं, रिकामी बाटली नको. सुरुवातीच्या रेषेच्या तीन-चार मीटर वरून संत्रं सोडा, म्हणजे रेषेवर येईतो त्याला प्रवाहाचा वेग मिळालेला असतो. काठाजवळ, मध्ये, पुन्हा काठाजवळ अशा पाच फेऱ्या घ्या. 20 मीटर जायला सरासरी 50 सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग 0.4 मीटर प्रति सेकंद. पण तळाशी घर्षणामुळे पाणी मागे रेंगाळतं, म्हणून 0.85 ने गुणा: 0.34. विसर्ग झाला 1.45 × 0.34, म्हणजे सुमारे 0.49 घनमीटर प्रति सेकंद. "सेकंदाला जवळपास 490 लिटर, म्हणजे 200 लिटरचे अडीच ड्रम" असं सांगा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या पोरांना हा आकडा लगेच भिडतो.

उत्तर 2: गोटा_आणि_गाळ

वरच्या उत्तराशी सहमत. पण डिसेंबरातच जायचं ठरलं, तर कोरडं पात्र वाया गेलं असं समजू नका. पाणी असताना झाकलेलं बरंच काही तेव्हाच उघडं पडतं.

वळणाची जागा निवडा. बाहेरचा काठ खडा, तासलेला दिसेल. आतल्या बाजूला वाळू-गोट्यांचा उतरता ढीग असेल. खनन आणि संचयन एकाच ठिकाणी, वीस पावलांच्या अंतरावर. खड्या काठावर मातीचे थर मोजायला लावा: वर काळी माती, मध्ये पांढरट चुनखडीचे खडे असलेला थर, खाली कुठे मुरूम तर कुठे काळा पाषाण. खड्या काठाच्या थेट बुडाशी मुलांना बसवू नका, सुकलेली काळी माती भेगाळून अख्खा तुकडा सुटतो.

गोटे मोजायची पद्धत: एका जागेवरचे 30 गोटे, निवडून नव्हे तर डोळे मिटून बोट टेकेल तो. निवडून घेतले की सगळे सुंदर गोल गोटेच गोळा होतात आणि निष्कर्ष आधीच ठरून जातो. प्रत्येकाची लांबी मिलिमीटरमध्ये आणि आकार (टोकदार, अर्धगोल, गोल) लिहा. हेच काम एखाद्या ओढ्याच्या उगमाकडच्या भागात, तुळजापूरच्या बाजूला बालाघाट डोंगराच्या उतारावर करता आलं तर तुलना मिळते. वर टोकदार आणि मोठे, खाली गोल आणि लहान.

बालाघाटवरून जाताना गाडी थांबवून जलविभाजक (दोन नद्यांची खोरी वेगळी करणारा उंचवटा) नक्की दाखवा. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. नळदुर्गची बोरी मात्र भीमेत आणि पुढे कृष्णेत जाते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन वेगळ्या नद्यांतून बंगालच्या उपसागराला जातो. अरबी समुद्र इतका जवळ असताना आपलं पाणी पूर्वेला का जातं, हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या. कोकणात गेल्यावर त्याचं उत्तर समोर उभं असतं: सह्याद्रीचा कडा.

तेरणेची मूठभर वाळू पिशवीत भरून कोकणात सोबत न्या. किनाऱ्यावरची तेवढीच घ्या. दोन्हींवर लिंबाचा रस टाका. किनाऱ्यावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल तर ती बुडबुडे सोडते. मात्र आपल्याकडच्या वाळूत चुनखडीचे खडे असतात, त्यामुळे तीही थोडी फसफसू शकते. म्हणून आधी भिंगातून पाहून पांढरट खडे वेचून बाजूला काढा आणि मगच रस टाका. दुसरी चाचणी लोहचुंबकाची. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवर फिरवा. काळ्या पाषाणातून सुटलेले लोहाचे कण पिशवीला चिकटतात, पिशवी उलटी केली की कागदावर पडतात. उघडं चुंबक वापरलं तर ते कण त्याच्यावरून निघता निघत नाहीत.

उत्तर 3: उधाण

किनाऱ्याबद्दल सांगतो. कोकणातला जुना हिशेब: त्या दिवशीची तिथी पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवा किंवा वजा करा, म्हणजे ओहोटी. भरती रोज अंदाजे 50 मिनिटं पुढे सरकते. हा हिशेब तारीख निवडायला पुरेसा आहे. पण मुलांना खडकावर उतरवायची वेळ मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या (सर्व्हे ऑफ इंडिया) भरती-ओहोटी तक्त्यावरूनच ठरवा, तिथीच्या हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडू शकतो.

तारीख कोणती? अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते म्हणून सोयीची वाटते, पण ती भांगाची, म्हणजे कमी जोराची असते. पाणी फार मागे जात नाही आणि खडकाचा मंच अर्धा पाण्यातच राहतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यांत मोठी भरती-ओहोटी असते, पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी पहाटे आणि दिवेलागणीला. म्हणून द्वितीया किंवा तृतीया घ्या. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते. ओहोटीच्या टोकाच्या सव्वा-दीड तास आधी सुरुवात करा आणि टोकानंतर अर्ध्या तासात सगळे वर. पाणी परत येताना पहिल्या तासात हळू वाटतं, तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने चढतं. लोक फसतात ते याच गैरसमजाने.

अलिबाग की हरिहरेश्वर? मोजणीसाठी अलिबाग, भूरूपांसाठी हरिहरेश्वर. अलिबागला सपाट, लांब पुळण (वाळूचा किनारा) आहे आणि ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंतचं पात्र उघडं पडतं. हरिहरेश्वरला सागरी कडा, तरंगघर्षित मंच (लाटांनी घासून सपाट झालेला खडक) आणि खडकावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. ती भोकं क्षारांच्या स्फटिकांनी खडक पोखरल्याने होतात. पण तिथला प्रदक्षिणेचा खडकाळ भाग 42 मुलांसाठी धोक्याचा आहे. ओले शेवाळी खडक आणि अचानक चढणारी लाट. भरतीत तिकडे अजिबात नाही, ओहोटीत दहा-दहाच्या गटाने.

पुळणीचा उतार असा मोजा. दीड मीटरच्या दोन काठ्या, दोन्हींवर दर सेंटिमीटरला खूण. एक जमिनीकडे, दुसरी समुद्राकडे 5 मीटरवर. जमिनीकडच्या काठीमागून पाहणाऱ्याने समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ती रेषा जवळच्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते तितका उतार. समजा रेषा 1.38 मीटरच्या खुणेवर आली, तर 5 मीटरमध्ये 12 सेंटिमीटर. असंच पुढे सरकत पाण्यापर्यंत जा आणि आलेखकागदावर छेद काढा. चूक होते ती काठी मऊ वाळूत खुपसल्याने, म्हणून प्रत्येक काठीखाली चपटी फरशी किंवा वहीचा पुठ्ठा ठेवा.

प्रश्नकर्ता: काळी_माती

खूप आभार. काठ्यांच्या पद्धतीत एक शंका. हिवाळ्यात सकाळी धुकट असेल आणि क्षितिज दिसलंच नाही तर?

उत्तर 3: उधाण

गवंड्याचा लेव्हल पाईप न्या. दहा मीटर पारदर्शक नळी, पाणी भरून दोन्ही टोकं दोन्ही काठ्यांना धरा. दोन्हीकडची पाण्याची पातळी सारखी असते, त्यामुळे दोन काठ्यांवरच्या वाचनांतला फरक म्हणजे उतार. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर वाचन खोटं येतं. भरताना नळी बादलीत बुडवून ओढून घ्या आणि पाण्यात थोडं कुंकू टाका, पातळी स्पष्ट दिसते.

उत्तर 4: लाल_डबा

मापांचं ठीक, पण 42 मुलांना तीन शिक्षक पुरणार नाहीत. दहा मुलांमागे एक धरला तरी पाच लागतात, त्यात किमान दोन महिला शिक्षिका. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी निघेपर्यंत गाडीचे पैसे भरू नका. परवानगीपत्रातल्या पाणवठ्यांच्या अटी शब्दशः वाचा, आणि अर्जात "मुलं पाण्यात उतरणार नाहीत, मोजणी पुळणीवर ओहोटीतच" असं स्वतःहून लिहा. तेरणेच्या अर्जात हे वाक्य चालणार नाही. तिथे गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरणार आहात तर तसंच लिहा, आणि पालकांच्या संमतीपत्रातही तेच.

औशाहून अलिबाग साडेचारशे किलोमीटरच्या वर जातं. एसटीने दहा-अकरा तास सहज लागतात. तीन दिवसांत जाणं, सकाळची ओहोटी आणि येणं बसवायचं तर पहिला पूर्ण दिवस प्रवासाचाच आणि मुक्काम थेट अलिबागला. पुण्यात थांबलात तर साडेसातची ओहोटी हातची जाते. हरिहरेश्वर याच दौऱ्यात कोंबू नका, अलिबागहून तिकडे जाऊन परत यायला अख्खा दिवस लागतो.

गट आठ-आठचे करा, दोन गटांत नऊ. प्रत्येक गटात एक नोंद लिहिणारा, एक वेळ घेणारा, एक पट्टी धरणारा असं काम वाटून द्या. नोंद पेन्सिलीने, शाई ओल्या कागदावर पसरते. आणि वहीच्या पानावर सगळ्यांत आधी तिथी, वेळ आणि जागा लिहायला लावा. किनाऱ्यावरच्या आकड्याला वेळ जोडलेली नसली की तो ओहोटीचा की भरतीचा हे शाळेत परतल्यावर कुणालाच सांगता येत नाही.