ऑरोराचे (ध्रुवीय प्रकाशाचे) फोटो: जोरदार भूचुंबकीय वादळात मुंबईतून जमेल का?

दादरकर: एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा, १६ मिमी एफ/२.८ लेन्स आहे. मोठं भूचुंबकीय वादळ (सूर्याकडून आलेल्या कणांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारी खळबळ) आलं तर मुंबईतून ऑरोरा मिळेल? नाहीतर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोसाठी सेटिंग सांगा.

मुलुंडचा_तारा: मुंबईतून नाही. मे २०२४ च्या जी५ (सर्वांत तीव्र श्रेणीच्या) वादळातही लडाखच्या हान्लेहून क्षितिजालगत लाल झाक तेवढी कॅमेऱ्यात आली होती.
ट्रॉम्सोत रॉ फाइल, एफ/२.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, ८ सेकंद इथून सुरुवात करा. प्रकाशाचे पडदे वेगात हलू लागले की २-३ सेकंदांवर या आणि गरज पडली तर आयएसओ ३२०० करा; नाहीतर घड्या पुसून नुसता हिरवा धूर उरतो. व्हाइट बॅलन्स ३५०० केल्विनला कायम, ऑटो नको.

लेन्सवेडी_ठाणे: यूव्ही फिल्टर आधी काढा! ऑरोराचा हिरवा रंग जवळपास एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटरचा. फिल्टरच्या दोन सपाट पृष्ठभागांत त्याचं व्यतिकरण होतं (परावर्तित लहरी एकमेकींत मिसळतात) आणि फोटोच्या मधोमध वर्तुळं उमटतात. एडिटिंगमध्ये ती धड जात नाहीत.
फोकस मॅन्युअल. लाइव्ह व्ह्यूत ठळक तारा मोठा करून तो बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा, लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका.

दादरकर: बाहेर कधी पडायचं? आणि थंडीचं काय?

मुलुंडचा_तारा: ट्रॉम्सोला केपी (भूचुंबकीय हालचालीचा ० ते ९ निर्देशांक) २ सुद्धा पुरतो, आकाश मात्र निरभ्र हवं. बीझेड (सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक) बराच वेळ उणे राहिला की निघा. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, म्हणजे दव पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही.