वेगळी शाळा की त्याच वर्गात वेगळी सोय?

दांडियाबाजारची (बडोदा) आई: मुलगा चौथीत, गुजराती माध्यमात. घरी मराठी, शाळेत हिंदी-इंग्रजीही. 'घर' लिहायला बसला की 'धर' होतं. हिंदीत अक्षरावर रेघ, गुजरातीत नाही. रेघ द्यायची की नाही यावरच हात अडतो. पण ग्रहण कसं लागतं ते संत्रं-लिंबू हातात धरून आजीला नीट समजावतो. तपासणीत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, निघाला. शाळा म्हणते, 'अशा मुलांच्या शाळेत घाला.' मला हे अजिबात पटत नाही. वर्ग तोच ठेवा, उत्तर तोंडी घ्या. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातच परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट लिहिली आहे.

मांजलपूरची वर्गशिक्षिका: ताई, तुमची तगमग कळते. पण माझ्या वर्गात ५४ मुलं, तास ३५ मिनिटांचा. असाच एक मुलगा वर्षभर माझ्याकडे होता. कोणी छळलं नाही त्याला, पण शिकला काहीच नाही. मी त्याला फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगत राहिले. अजून मनाला लागतं ते. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा म्हटलं. तो येत नाही तोवर मुलाला वर्गात नुसतं बसवून ठेवणं होतं. त्यापेक्षा जिथे असे शिक्षक आहेत तिथे जावं.

रावपुऱ्याचा बाबा: जादा वेळ द्यायचा तर सगळ्यांना द्या. माझी मुलगीही हळू लिहिते.

दांडियाबाजारची आई: दादा, तिचीही तपासणी करून घ्या, मनापासून सांगते. मी दोन वर्षं 'आळशी आहे' म्हणत मुलाकडून एकेक पान दहादा लिहून घेतलं.

बाई, शिक्षक नाहीत हे खरंच. पण मुलं बाहेर गेली तर शाळा ते शिक्षक मागेल कशाला? महाराजा सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा गावोगावी शिक्षक तयार बसले होते का?

मांजलपूरची वर्गशिक्षिका: तोंडी उत्तरांचं मी करीन. मधल्या सुट्टीत रोज दोघांना जवळ बसवून ऐकता येईल. पण त्याला वाचायला शिकवणं मला येत नाही, त्याचं शिक्षण वेगळं असतं. त्याबाबत माझं मत तेच आहे.