महागडी सुरी घ्यायची तर हात तयार असावा लागतो का?

कच्चा_लिंबू

मंडळी, सल्ला हवाय. गेली सहा-सात वर्षं घरचा एका वेळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. आवडीनं करतो, चवीबद्दल तक्रार नसते, पण चिरणं यथातथाच. एकाच कांद्याच्या काही फोडी दाण्याएवढ्या तर काही बोटाच्या पेराएवढ्या.

परवा एका मित्राकडे जपानी सुरी हातात घेतली. टोमॅटोवर टेकवून नुसती ओढली, दाबावं लागलंच नाही. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीये. घरात विषय काढला तर "आधी कांदा एकसारखा चिरायला शिका, मग बघू" असा निकाल लागला.

तर माझ्या हाती अशी सुरी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत का? आणि घेतलीच तर काय बघून घ्यावी? एकच घेणार आहे, २०० मिमीच्या आसपास पातं असलेली.

जरा_थांबा

नाचता येईना म्हणून लोक अंगणाला नावं ठेवतात, तुम्ही तर नवीन अंगण विकत घ्यायला निघालात! :-) गंमत केली हो. पण घरच्यांचं अगदीच चूक नाही. आत्ता जी सुरी वापरता तिला शेवटची धार कधी लावली होती?

निसणा

घरच्यांचं पूर्ण चूक आहे असं माझं मत. भराभर चिरण्याचं कसब आचाऱ्याला लागतं, कारण त्याच्यापुढे कांद्यांचं पोतं असतं. आपल्यापुढे चार कांदे. त्यांना पाच मिनिटं जास्त लागली तर कुणाचं काय बिघडलं? उलट नवशिक्याला चांगल्या धारेचा फायदा जास्त होतो. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, जोर दिला की ती सालीवरून घसरते, आणि घसरली की फोडी वेड्यावाकड्या होतात. बोट कापतं ते वेगळंच.

आता महाग सुरीत नेमकं काय वेगळं, ते समजून घ्या. पोलादाचा कडकपणा रॉकवेल सी या मापात सांगतात. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५५ ते ५८, व्हीजी-१० पोलादाच्या जपानी सुऱ्या ६० च्या आसपास, कार्बन पोलादाच्या काही त्याहूनही वर. आकडा वाढला की धार बारीक कोनात काढता येते आणि जास्त दिवस टिकते. पण जे कडक ते ठिसूळ. मऊ पोलादाची धार आपटली तर मुडपते, कडक पोलादाची तुटते. मुडपलेली धार, धार सरळ करायच्या सळईवर चार हात फिरवले की सरळ होते. तुटली तर मात्र पातंच दगडावर घासून तेवढं मागे न्यावं लागतं.

म्हणजे तुमचा हात किती चालतो यापेक्षा तुम्ही सुरी कशावर आपटता, कशात घालता आणि कुठे टाकून ठेवता, ते बघा.

उलटी_मूठ

निसणा म्हणतात ते 'तुटणं' मी केलंय, म्हणून लिहिते.

कडक पोलादाची सुरी घेऊन तीन आठवडे झाले होते. लाल भोपळा कापताना पातं निम्म्यात अडकलं. सोडवायला मूठ डावी-उजवीकडे हलवली, जशी जुन्या सुरीची वर्षानुवर्षं हलवत आले. ती सुटली, काही आवाज नाही, काही नाही. संध्याकाळी टोमॅटो कापताना साल सारखी एकाच जागी अडकायला लागली. पातं खिडकीशी नेऊन तिरकं धरलं तेव्हा दिसलं, धारेला छोटीशी चंद्रकोर पडली होती, कापलेल्या नखाएवढी. तो तुकडा भोपळ्यातच गेला असणार. अख्खी भाजी टाकून दिली.

मी वीस वर्षं स्वयंपाक करतेय, हात चांगला चालतो. त्याचा काही उपयोग झाला नाही. जुन्या सुरीच्या सवयी हिच्यावर चालवल्या, तिथे फसले. नवशिक्याला निदान मोडायला जुन्या सवयी नसतात!

भोपळा, हाडं, फ्रीजरमधलं गोठलेलं काहीही, या सगळ्याला जुनी जाड सुरी ठेवा. फेकू नका ती.

कच्चा_लिंबू

@जरा_थांबा, खरं सांगू का? धार कधीच लावली नाही. घेतली तेव्हा होती तेवढीच.

जरा_थांबा

वाटलंच मला. मग आज रात्री एवढं करा. चिनी मातीचा कप उपडा ठेवा. बुडाशी जी खरखरीत, चकाकी नसलेली कड असते ना, तिच्यावर पातं थोडं तिरकं धरून मुठीकडून टोकाकडे ओढा. एका बाजूनं आठ-दहा वेळा, मग दुसऱ्या बाजूनं तेवढेच. हलक्या हातानं. पातं पुसून घ्या आणि मग टोमॅटो. हा कायमचा इलाज नव्हे, पण तुम्हाला नवी सुरी हवीये की नुसती धार, ते कळेल.

चघळचोथा

वाचतोय. धाग्याची वाचनखूण साठवली.

अवांतर: धारदार सुरीनं कांदा कमी झोंबतो हे खरं आहे. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यातलं एन्झाइम मोकळं होतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. बोथट सुरी कापण्याऐवजी चेंगरते, त्यामुळे जास्त पेशी फुटतात.

कच्चा_लिंबू

केलं! पहिल्या टोमॅटोला फारसा फरक वाटला नाही, मग अजून पाच-सहा वेळा ओढली. नंतर साल अडकली नाही. मित्राच्या सुरीसारखं नाही, पण माझ्या सुरीकडून ही अपेक्षाच नव्हती. कांद्याच्या फोडी मात्र अजून बोटाएवढ्याच.

निसणा

फोडींचं कारण मुठीत असेल. मूठ घट्ट आवळून तर्जनी पात्याच्या पाठीवर लांब ठेवता का? तसं असेल तर पातं डुलतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पात्याचा मुठीजवळचा भाग धरा, उरलेली तीन बोटं मुठीभोवती. दुसऱ्या हाताची बोटं आत मुडपून पेरं पुढे, पात्याची बाजू पेरांना टेकलेली. आठवडाभर अवघडल्यासारखं होईल.

सुरीचं म्हणाल तर पहिली महाग सुरी स्टेनलेसचीच घ्या, कडकपणा ६० च्या आत-बाहेर. कार्बन पोलाद सुरेख असतं, पण लिंबू कापून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत डाग धरतं. तिला लगेच पुसायची सवय आधी अंगी लागू द्या. पात्यावरची लाटालाटांची नक्षी बघून भुलू नका, कापण्याशी तिचा काही संबंध नाही. धारेच्या लगेच वर पातं किती पातळ आहे ते बघा.

काच, दगड किंवा स्टीलवर कापायचं नाही, लाकडी किंवा मऊ प्लॅस्टिकचा बोर्ड हवा. डिशवॉशर बंद. चिरलेलं बाजूला लोटायला पाठ वापरा, धार नव्हे. खाचा असलेली लोखंडी सळई कडक सुरीवर फिरवू नका. आणि सुरीच्या आधी १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दाणा किती बारीक त्याचं माप) धार लावायचा दगड घ्या.

उलटी_मूठ

दगडाला +१. जुन्या सुरीवरच शिका, बिघडली तरी हळहळ नाही. कोनाचा बाऊ करू नका. पातं साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण सव्वा सेंटिमीटर उचला, झाले १५ अंश. एका बाजूनं घासत राहा. दुसऱ्या बाजूला धारेच्या पूर्ण लांबीभर बोटाला बारीक खरखर लागली की सुरी पालटा. बोट धारेवरून आडवं बाहेर न्यायचं, धारेच्या दिशेनं कधीच नाही.

कच्चा_लिंबू

दगड मागवला. सुरी एक-दोन महिन्यांनी, हात बसला की. मधल्या काळात घरात एक बदल झालाय. काल कपावर पुन्हा धार काढून ठेवली होती, तर ती सुरी माझ्याआधी दुसऱ्यांनीच उचलली. कांदा एकसारखा चिरणाऱ्यांनी.

एकच विचारायचं राहिलं, दगड किती वेळ भिजवायचा?

निसणा

बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. पण काही दगड भिजवायचे नसतातच, वर नुसतं पाणी शिंपडायचं. तुमचा कुठला ते खोक्यावर बघा.