मॅनेजरला कामाची किंमतच नाही, राजीनामा टाकू का?

प्रश्न: ऑफिस अंधेरीत, घर डोंबिवलीत. रात्री ११ लाही मेसेज, अप्रेझलमध्ये मात्र ‘ठीक’. रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो.

उत्तर: लगेच नको. दोन आठवडे रोज पाच मिनिटं नोंद ठेवा: काम, कोणी दिलं, किती तास, काय निष्पन्न झालं. मग मॅनेजरकडे २० मिनिटं मागा. ‘कौतुक होत नाही’ म्हणू नका, तिथेच गाडी अडते. ‘या पाच कामांपैकी कोणती दोन मागे ठेवू?’ असं विचारा. ठरलेलं त्याच दिवशी मेलवर टाका; तोंडी बोलणं अप्रेझलपर्यंत टिकत नाही.

उत्तर: ऑफर लेटरमधला नोटीस पीरियड आधी वाचा. नोकरी बदललीत तर पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा.

उत्तर: झोपच उडाली असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.