वापसीची चूक जिने पकडली, तिचं नाव कोडमध्ये कुठे?

गिरणाकाठ (जळगाव)

मंडळी, दोन आठवडे एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून धागा काढतोय.

जळगावात आमचं सहा जणांचं ऑफिस आहे. केळी व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. काट्यावरचं वजन, मालाची प्रत, त्या दिवसाचा भाव आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी. यंदा पट्टीचा भाग मी एआय टूलकडून लिहून घेतला. मालाचे रकाने तीन: नवती, पिलबाग, वापसी. टूलने वापसी म्हणजे परत आलेला माल असं धरलं आणि ती रक्कम शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा करून टाकली. कोड दिसायला स्वच्छ, टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे प्रोग्राम, सगळ्या हिरव्या (पास). टेस्टही टूलनेच लिहिलेल्या, म्हणजे जी चूक इथे तीच तिथे. मी ते तसंच पुढे पाठवलं असतं.

आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी एक मुलगी लागली, यावल तालुक्यातली, घरी केळी. छापलेली पट्टी तिने हातात घेतली, बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, वापसी वजा कशी झाली? ती परत थोडीच दिलीय, विकलीय. भाव कमी मिळतो, एवढंच." मग वडिलांच्या जुन्या पट्ट्यांची पिशवी घरून घेऊन आली. तीन दिवस एकेक आकडा जुळवत बसली आणि आणखी दोन ठिकाणी तोच घोळ काढून दाखवला. दुरुस्ती मी माझ्या लॅपटॉपवर त्याच टूलकडून करून घेतली. कमिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीवर, माझं नाव लागलं. त्याखाली टूलने आपणहून 'को-ऑथर्ड-बाय' (सहलेखक) अशी ओळ टाकून स्वतःचं नाव लावलं. तिचं नाव कुठेच नाही.

आणि परवा पगारवाढीसाठी मालकांनी गिटमधून, म्हणजे कोडबदलांच्या नोंदवहीतून, माणसागणिक कमिट मोजले.

माझं म्हणणं एवढंच: ज्या माणसावाचून काम चुकीचं राहिलं असतं, त्याचं नाव कामावर लागलं पाहिजे. कीबोर्ड कोणाच्या हाताखाली होता हे त्यानंतर बघू.

पांझराकाठ (धुळे)

खरं शे भाऊ, तिचं नाव लावाच. पण दोष टूलला देऊ नका. गिटमध्ये ऑथर (बदल लिहिणारा) आणि कमिटर (तो नोंदवणारा) या दोन जागा पहिल्यापासून वेगळ्या आहेत. ऑथर म्हणून तिचं नाव तुम्ही तेव्हाच देऊ शकत होता.

माझा विरोध टूलच्या नावाला आहे. शेत ट्रॅक्टरने नांगरलं म्हणून सातबाऱ्यावर ट्रॅक्टर चढत नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा बघा. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात आलंय की संगणकाने तयार केलेल्या कृतीत ती कृती जो करवून घेतो तो लेखक. आणि संगणकाचा प्रोग्राम त्या कायद्यात साहित्यकृतीतच मोडतो. मग सहलेखकाच्या ओळीत यंत्र बसवायचं कशाला? बऱ्याच टूलमध्ये ती ओळ सेटिंगमधून बंद करता येते. मी पहिल्याच दिवशी बंद केली.

कारणही सांगतो. मी एकटा काम करतो. एका गिऱ्हाइकाने लॉगमध्ये टूलचं नाव वाचलं आणि म्हणाला, मशीननेच केलंय तर पैसे निम्मे घ्या. त्याच्या दुकानात चार रात्री बसून उधारीची पद्धत मी समजून घेतली होती. ती मेहनत कुठल्याच लॉगमध्ये येत नाही. यंत्राचं नाव लिहिलं की माणसाची किंमत उतरते, हे मी भोगलंय.

मास्तर_शिरपूर

पांझराकाठ, तुमचं दुःख समजतं, पण उपाय चुकीचा आहे. गिऱ्हाइकाला मेहनत दिसत नाही म्हणून आपण टूल लपवायचं? उद्या कळलं तर तो म्हणेल, फसवलं.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. यंदा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला अट घातली की टूल वापरा, पण कुठे वापरलं ते लिहा. एका मुलाने पहिल्या पानावर लिहून दिलं, 'संपूर्ण काम माझे'. तोंडीत विचारलं, हा लूप उलटा का फिरवलाय? तो गप्प. धडगावकडच्या एका मुलीने मात्र प्रत्येक भागापुढे लिहिलं होतं: हे टूलने दिलं, हे मी बदललं, बदललं ते का. तिच्या घरच्या लॅपटॉपची बॅटरी चालत नाही, वीज असेल तेवढाच वेळ काम. तिला एकही प्रश्न अडला नाही. ज्याने टूलचं नाव लिहिलं त्याचंच काम मला नीट दिसलं. तिची किंमत उतरली नाही, वाढली.

असोदेकर

आमच्या असोद्याची लेक बहिणाबाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. ती गात गेली, मुलगा सोपानदेव आणि घरातले लिहून घेत गेले. १९५१ मध्ये ती गेली, १९५२ मध्ये कविता छापून आल्या. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, पण ओळी आईच्या हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. लिहून घेणारा वेगळा, रचणारा वेगळा. मग टूल लिहून घेतं आणि माणूस सांगतो, तर लेखक माणूसच. यात एवढा खल कशाला?

गिरणाकाठ (जळगाव)

असोदेकर दादा, दाखला मोठा आहे, पण इथे लागू होत नाही. सोपानदेवांनी आईने म्हटलं तेच लिहिलं. मी टूलला 'वापसी वजा कर' असं कधीच सांगितलं नव्हतं. ते त्याने स्वतःच्या मनाने घातलं. न सांगितलेलं आत शिरतं, म्हणूनच यंत्राने लिहिलेला भाग कुठला याची नोंद हवी. पुढे कोणाला तो कोड उघडावा लागला तर कळेल की या ओळी जास्त बारकाईने वाचायच्या आहेत. मला यंत्राचा सत्कार करायचा नाही. फवारणीच्या डब्यावर औषधाचं नाव असतं, तशी ही नोंद.

भुसावळ_यार्ड

दोन गोष्टी. ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडच्या कामात, बरीच वर्षं आहे, म्हणून बोलतो.

एक, हा प्रश्न आधीच सुटलेला आहे, आपण फक्त वापरत नाही. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडवर हक्क सांगत आयबीएमवर दावा टाकला. कुठली ओळ कोणी आणि कुठून आणली हे दाखवायची पाळी आली. म्हणून २००४ पासून कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, प्रत्येक पॅचवर (पाठवलेल्या बदलावर) 'साइन्ड-ऑफ-बाय' लागतं. ती नुसती सही नाही. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, अशी हमी आहे. आता त्यांच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की ही ओळ एआयने लावायची नाही, माणसानेच लावायची. टूलसाठी 'असिस्टेड-बाय' ही वेगळी ओळ. गिरणाकाठ, तुमच्या मुलीसाठीही ओळी तयारच आहेत: चूक दाखवली तर 'रिपोर्टेड-बाय', तपासून दिलं तर 'टेस्टेड-बाय'. हवा तर मजकूर मराठीत लिहा, गिट अडवत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही सगळेच विसरताय. टूल शिकलं कुठून? आमच्यासारख्यांनी फुकट वाटलेल्या कोडवर. एमआयटी लायसन्स, म्हणजे असा कोड वाटायचा एक परवाना, मागतं तरी काय, मूळ कॉपीराइटची सूचना प्रतीत राहू द्या. पैसे नाही, नाव. टूलमधून तोच कोड बाहेर येतो तेव्हा ते नाव गळालेलं असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये गिटहब कोपायलट या कोड लिहिणाऱ्या एआय टूलविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या कोर्टात दावा गेला तो याच मुद्द्यावर. जेन्टू या लिनक्सच्या एका प्रकाराने एप्रिल २०२४ मध्ये एआयने लिहिलेला कोड घ्यायचाच नाही असं ठरवलं. नेटबीएसडी या दुसऱ्या खुल्या सिस्टिमनेही लेखी परवानगीशिवाय तो बंद केला. पांझराकाठ, 'करवून घेणारा तो लेखक' हे कलम तुम्हाला सोयीचं आहे. माझ्या फंक्शनवर तुमचं एकट्याचं नाव लागलं तर मी कोणाकडे जाऊ?

पांझराकाठ (धुळे)

याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मला कुठली ओळ कोणाची हे टूल सांगतच नाही, तर मी नाव लावू कोणाचं? हे टूल बनवणाऱ्यांनी सोडवायचं आहे. धुळ्यातल्या एकट्या माणसावर ते ओझं टाकू नका. टूलचं नाव मात्र मी अजूनही लावणार नाही.

चोपडा_रोड

मी त्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे पगार देणारा. कमिट मोजणं चूक आहे हे मान्य, टूल आल्यावर तर त्याला काडीचा अर्थ उरला नाही. पण नाव मला श्रेयासाठी कमी आणि जबाबदारीसाठी जास्त लागतं. रात्री अकराला व्यापाऱ्याचा फोन येतो, पट्टी चुकलीय, गाडी अडलीय. मी 'गिट ब्लेम' (कुठली ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) मारतो, त्या ओळीपुढे ज्याचं नाव त्याला उठवतो. तिथे टूलचं नाव आलं तर कोणाला उठवू? म्हणून एका ओळीला एकच माणूस. पाच-पाच नावं लावलीत की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

मास्तर_शिरपूर

एकच माणूस उठवायचा तर तो गिरणाकाठ. आणि गिरणाकाठ रात्री अकराला फोन कोणाला लावणार? वापसी म्हणजे काय हे जिला कळतं तिला. ती झोपेतून उठणार आणि यादीत तिचं नाव नाही, हे बरोबर आहे का साहेब?

चोपडा_रोड

नाही, बरोबर नाही. तरी सही एकाचीच हवी.

गिरणाकाठ (जळगाव)

एकाच सहीचं मला पटतं, सही माझीच राहू द्या.

काय केलं ते सांगतो. जुने कमिट सगळ्यांच्या मशीनवर गेलेत, ते मागे जाऊन बदलले तर सगळ्यांचं काम अडकेल. म्हणून हात लावला नाही. काल तिला बसवून वापसीच्या टेस्ट नव्याने लिहायला सांगितल्या, टूल बंद करून. वडिलांच्या पिशवीतल्या अकरा पट्ट्यांचे आकडे तिने त्यात घातले. ऑथर ती. आधीच्या दुरुस्तीचा क्रमांक देऊन खाली मराठीत लिहिलं: 'ही चूक हिने दाखवली.' मालकांना मी तीच प्रिंट नेऊन दिली आणि पगारवाढीची यादी परत काढा म्हटलं. त्यांनी ठेवून घेतली, अजून काही बोलले नाहीत.

तिने मला एकच विचारलं, सर, वडिलांचं नाव कुठे लावता येईल का? पट्ट्या त्यांच्या आहेत. मी टेस्टच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीला लिहायला सांगितलं. चोपडा रोडवाले साहेब, त्यांना रात्री अकराला उठवायचं नाही.