मदत हवी आहे: बर्गनच्या पावसात आईला काय दाखवू?

काल आईला घेऊन नॉर्वेतल्या बर्गनला पोचलो. विमानतळावरून ट्रामने पाऊण तासात थेट गावात, तिथवर सगळं छान. उतरलो आणि पुण्याहून आणलेली छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी! इथे वर्षातले 200हून जास्त दिवस पाऊस असतो म्हणे. लोक रेनकोटातच फिरतात. जूनमुळे रात्री साडेदहालाही उजेड, आई पडदे ओढून जपमाळ घेऊन बसली. बंदराकाठच्या ब्रिग्गेन या जुन्या वस्तीतली तांबडी-पिवळी लाकडी घरं मात्र तिला फार आवडली.

आता सांगा, 320 मीटर उंचीच्या फ्लोयन डोंगरावर रेल्वेने जाऊन नुसतं धुकंच बघायचं का, की थांबावं? आणि उद्या रविवार, बहुतेक दुकानं बंद. आई अंडंही खात नाही, मेतकूट संपत आलंय. कुठे काय मिळेल?