'योगायोग' म्हणताना आपण नकळत ज्योतिष मानतो का?

चौकस:
काही अचानक जुळून आलं की आपण 'योगायोग' म्हणून मोकळे होतो. पण हा 'योग' कुठला? पंचांगाच्या पाच अंगांतलं एक अंग योग. विष्कंभापासून वैधृतीपर्यंत २७. शिवाय विवाहयोग, परदेशगमनाचा योग, 'यंदा पंढरीचा योगच नव्हता'. सगळीकडे कुणीतरी आधीच ठरवून ठेवल्याचा वास. निव्वळ आकस्मिक गोष्टीला हा शब्द नकोच. काकतालीय म्हणा.

नदीकाठ:
मग 'साडेसाती'ही सोडा! 'काय साडेसाती लागलीय त्या लोकलला' म्हणणाऱ्याच्या डोक्यात शनी असतो होय? आणि शब्द फोडायचाच तर नीट फोडा. लाभालाभ, शुभाशुभ, बलाबल. त्याच चालीवर योग आणि अयोग. जुळेल नाहीतर नाही जुळणार. यात विधिलिखित कुठे आलं?

चौकस:
संधी मान्य. पण बोलण्यात 'अयोग' उरलाय कुठे? जुन्या मैत्रिणी दादरच्या पुलावर भेटल्या की योगायोग. त्याच पुलावर दहा वर्षं एकमेकींना न दिसता गेल्या, त्याचं खातं कोण ठेवतं?

आकडेमोड:
मेख तिथेच आहे. २३ जण जमले की त्यांतल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. ५७ जमले की ९९ टक्के. आपण फक्त स्वतःची तारीख धरतो म्हणून थक्क होतो. २३ जणांच्या जोड्या मात्र २५३ होतात! शब्द राहू द्या हो, जोड्या मोजा.

हावडाकर:
बंगालीत हाच शब्द आहे, उच्चार जोगाजोग, आणि अर्थ संपर्क. 'जोगाजोग करा' म्हणजे फोन करा, भेटा. पंचांग तिथेही घरोघरी आहे, तरी या शब्दाला ग्रह चिकटले नाहीत. उगमावरूनच अर्थ ठरत असता, तर हे असं झालं असतं का?

नदीकाठ:
हेच म्हणतेय मी! आणि काकतालीय कोण बोलणार, सांगा? संस्कृतातला कावळा ताडावर येतो नि ताडफळ पडतं. आपण फळ सोडून फांदीच तोडली: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. तेवढं म्हणा, भाजीवालीलाही कळेल.

चौकस:
कावळा चालेल. पण पत्रिका बघणारा 'योग आहे' म्हणतो तेव्हाच दक्षिणा मिळते. 'बघा, कावळा बसला तर बसला' म्हणाला तर कोण पाकीट काढेल? म्हणून म्हणतो, हा शब्द तितकासा निरुपद्रवी नाही.